मी सांगितलेली बरोबरी

मंडळी, आज सकाळी सावेडीत दत्तोबा भेटले. बाहत्तर साली ते पुणतांब्याकडच्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कॅप्टन होते, मी नगरच्या.

विभागीय स्पर्धेला जिल्ह्यातून एकच संघ जाणार होता. निवडीच्या बैठकीत निवड समितीच्या सरांनी मला विचारलं, "तुमच्या आणि पुणतांब्याच्या मॅचचं काय झालं?"

आम्ही हरलो होतो. त्यांचं कुणी हजर नव्हतं. मी म्हणालो, "बरोबरी." त्या एका गुणावर आमची निवड झाली.

आज चहा घेताना मी खरं सांगून टाकलं. दत्तोबांनी कप खाली ठेवला.

"आमच्या गोलकीपरला सांगायला पायजे हुतं. शेवटच्या मॅचला दुसऱ्याच संघाचा एक गोल खाल्ला, म्हनून आपला संघ गेला न्हाई, असं जल्मभर म्हनायचा. गेल्या साली वारला."

तुम्हीच सांगा, आता माफी कुणाची मागू?