ऐंशीच्या खाली

ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी माझे रिपोर्ट दोनदा वाचले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "बाकी सगळं जुळतंय. पण शहाण्णव किलो वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. धोका तुम्हालाच आहे. ऐंशीच्या खाली या, मग पुढचं बोलू."

माझ्या शेजारी बसलेल्या भावजयीचा चेहरा उतरला. आणि मला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं पुढे कितीतरी महिने मला आतून खात राहिलं.

भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. शहाडला रिक्षांचे मीटर दुरुस्त करायचं त्याचं लहानसं दुकान आहे. ब्लडप्रेशरची गोळी आज घेईन, उद्या घेईन, असं करता करता दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस सुरू झालं. आईला मधुमेह, त्यामुळे ती बाद. भावजयीचा रक्तगट जुळेना. राहिले मी. वय चव्वेचाळीस, डोंबिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, दिवसभर खुर्चीत.

"मी देईन की," असं मी सगळ्यांच्या देखत बोलून गेलेले. आईने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि सोडेचना. त्या क्षणी मला पहिल्यांदा घाम फुटला.

त्याला कारण होतं. मी सतरा वर्षांची असताना बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. साधं ऑपरेशन. सकाळी स्वतःच्या पायाने चालत आत गेले, जाताना मला म्हणाले, "आईला चहा पाजून आण." आम्ही चहा पिऊन वर आलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा, शेजाऱ्यांकडे ठेवलेला. त्याने ते काही बघितलं नाही. मी बघितलं. तेव्हापासून हॉस्पिटलचा जिना चढताना माझे पाय आजही जड होतात.

तर वजन. याआधी मी चार-पाच वेळा डाएट केलेलं. लग्नाआधी, बाळंतपणानंतर, एकदा नणंदेच्या लग्नासाठी. प्रत्येक वेळी दीड महिना टिकलं आणि गेलेलं सगळं व्याजासकट परत आलं. पण तेव्हा हरले तर फार तर ब्लाउज घट्ट व्हायचा. आता हरले तर भाऊ त्या मशीनवरच राहणार होता.

सकाळी साडेपाचला उठून ठाकुर्लीच्या बाजूला नव्वद फुटी रस्त्यावर चालायला लागले. पहिल्या आठवड्यात गुडघे एवढे दुखले की घरी आल्यावर चपला काढायला वाकता येईना. भात बंद, साखर बंद, दुपारी ज्वारीची एक भाकरी आणि भाजी. स्टाफरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की मी फाइल उचलून रेकॉर्डरूममध्ये जायचे आणि तिथे धुळीत उभी राहायचे.

दर शुक्रवारी सकाळी वजन करायचं आणि भावजयीला फोनवर आकडा सांगायचा, असं ठरलेलं. ती तो कॅलेंडरवर लिहायची. ती कधी काही बोलायची नाही. "बरं ताई," एवढंच. पण कमी झालं असेल तर तिचं "बरं" वेगळं यायचं आणि तेवढंच असेल तर वेगळं. 

शहाण्णव, त्र्याण्णव, नव्वद. मग तीन आठवडे अठ्ठ्याऐंशीवर काटा अडकला. रडले. मग पुन्हा हलला. चौऱ्याऐंशी झाले त्या दिवशी भावजय फोनवर ओरडलीच, "ताई, चारच राहिले!"

फोन ठेवला आणि मी मोरीत जाऊन बसले.  चारच राहिले म्हणजे हे खरंच होणार. आतापर्यंत वजन माझ्या आणि त्या ऑपरेशनच्या मध्ये उभं होतं. आता तेही सरकत होतं.

त्या रविवारी भावाला भेटून शहाडहून निघाले. डोंबिवलीला जायचं सोडून कल्याणलाच उतरले, रिक्षा केली आणि विठ्ठलवाडीला गेले. तिथे मला ओळखणारं कुणी नाही, एवढाच विचार होता. एका मिठाईच्या दुकानात कोपऱ्यात बसून छोले भटुरे मागवले, वर दोन प्लेट गुलाबजाम. भूक नव्हती. चवही लागत नव्हती. मी नुसती भरत होते. पुढच्या बुधवारी ऑफिसातून लवकर निघून परत गेले. नंतरच्या आठवड्यात तीनदा.

शुक्रवारी काट्यावर आकडा वाढलेला दिसला. फोनवर मी म्हणाले, "त्र्याऐंशी."

"बरं ताई," भावजय म्हणाली. छान आलं तिचं "बरं".

असं दोनदा केलं. नवऱ्याच्या लक्षात आलं असावं. एकदा जेवताना म्हणाला, "तुला नसेल जमत तर सांग, मी बोलतो त्यांच्याशी." मी एवढी भडकले की त्याने ताट घेतलं आणि गॅलरीत जाऊन जेवला.

मग एका शनिवारी भावजयीला ताप आला म्हणून भावाबरोबर डायलिसिसला मी गेले. सेंटरमध्ये आत शिरताच वजनकाटा असतो. आधी वजन, नंतर वजन, म्हणजे अंगातलं किती पाणी काढायचं ते कळतं. भाऊ उभा राहिला, सिस्टरने आकडा लिहून घेतला. तो खाली उतरला आणि हसत म्हणाला, "ये ताई, तू पण कर. बघू तरी आमची हिरॉइन."

"घरी केलंय काल."

"अगं चल, दोन सेकंद."

सिस्टरही हसून बघत होती.  मी चढले.

सत्त्याऐंशी.

भावाने आकडा वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. "चपला आहेत पायात," तो सिस्टरला म्हणाला आणि आपल्या बेडकडे गेला.

हातात सुया लागल्या, मशीन सुरू झालं. मी बाजूच्या स्टुलावर बसले. बराच वेळ तो डोळे मिटून पडलेला. मला वाटलं झोपला.

"किती दिवस खोटं सांगतेयस?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"दोन आठवडे."

"का?"

 माझ्या तोंडून सगळं एकदम निघालं. विठ्ठलवाडी, गुलाबजाम, डॉक्टरबाईंकडे पहिल्या दिवशी हायसं वाटलेलं ते, बाबा, चहा, भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले काका. पलीकडच्या बेडवरचे आजोबा ऐकत होते, पण मला थांबता येत नव्हतं.

भाऊ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला बाबांचं काही आठवत नाही गं. फक्त ते आले नाहीत एवढं आठवतं." डोळे उघडून म्हणाला, "ताई, नको असेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही. रागावलो तरी मला सांभाळता येईल. पण तोंडाने म्हण. असं खाऊन खाऊन नको म्हणू. त्या शुक्रवारच्या फोनची आम्ही घरात वाट बघतो."

मी कसलंही वचन दिलं नाही. त्यानेही मागितलं नाही. चार तास तिथेच बसून राहिले.

दोन दिवसांनी रजा टाकून एकटीच ठाण्याला गेले. डॉक्टरबाई सोमवारी घोडबंदर रोडच्या क्लिनिकमध्ये बसायच्या. बस तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलेली. दोनदा वाटलं, इथेच उतरावं आणि परत जावं. पोचले तेव्हा शेवटचा पेशंट निघत होता.

"मी मेले तर?" मी बसायच्या आत विचारलं.

मला वाटलं त्या म्हणतील, छे हो, काही होत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी कागदावर किडनी काढून दाखवली, कुठे कापतात, काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करतात ते सांगितलं. म्हणाल्या, "धोका फार कमी आहे. शून्य नाही. शून्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा. मी घरच्यांना वैद्यकीय कारणाने जमत नाही एवढंच सांगेन. खरं कारण माझ्याकडेच राहील."

खाली येऊन मी बसस्टॉपवर बसले. एक बस सोडली, दुसरी सोडली. कुणाला काही न कळता यातून सुटायची वाट आता माझ्यापुढे उघडी होती. डॉक्टरबाईंना फक्त एक फोन करायचा. मी फोन हातात घेतला आणि नंबर लावला, पण भावजयीचा.

"सत्त्याऐंशी आहे," मी म्हणाले. "आधी खोटं सांगितलं."

 "यांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "ताई, मला राग आलेला. खूप. आता जेवलात का तुम्ही?"

पुढचे अडीच महिने भीती गेली नाही. सकाळी चालताना ती माझ्याबरोबर असायची. एका शुक्रवारी आकडा पाव किलोने वाढला, तोही सांगितला. एकदा पाय पुन्हा विठ्ठलवाडीकडे वळले, रिक्षात बसलेही, आणि वाटेतून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तिथेच उतर, मी येतो." आम्ही दोघं कल्याणपर्यंत चालत आलो. माझी पर्स त्याने स्वतःच्या खांद्याला लावलेली.

एकोणऐंशी पूर्णांक चारला डॉक्टरबाई हो म्हणाल्या.

त्यानंतर हॉस्पिटलच्या अवयवदान कमिटीपुढे एकटीला बसवलं. समोर चारजण, कॅमेरा चालू. एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"भीती वाटते?"

"खूप वाटते," मी म्हणाले. "लिहून घ्या हवं तर. पण द्यायची आहे."

ऑपरेशनच्या दिवशी मला आधी आत नेलं. स्ट्रेचरवरून दिवे सरकताना दिसत होते आणि दात वाजत होते. एका नर्सने दुसरी चादर घातली. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत कुणी निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं आणि तोंडाला कोरड पडलेली. कुणीतरी माझा पाय हलवत होतं. भावजय. चेहरा रडून सुजलेला, मास्क हनुवटीवर आलेला. तो चेहरा बघून माझ्या काळजाचं पाणी झालं.

"झाली, ताई," ती म्हणाली.

"काय झाली?"

"लघवी! ऑपरेशनच्या टेबलावरच झाली त्यांना. तुमची किडनी चालू झाली! डॉक्टरबाई स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या. पिशवी भरतेय."

मला हसू फुटलं, आणि हसताना टाके असे खेचले की मी तिचा हात करकचून पिळला. तीही हसायला लागली. सिस्टर धावत आली आणि दोघींना गप्प बसवलं.