शून्यावर संपणारे आकडे

ठाणे स्टेशनवर बाबांनी माझी ट्रंक उचलली, क्षणभर हातात तोलली आणि म्हणाले, "साठ रत्तल." फलाटावरच्या काट्यावर ती एकोणसाठ भरली. कळव्याच्या खाडीकाठी त्यांनी तीस वर्षं मिठागराची मुकादमी केली होती. गोणीला हात लागला की वजन कळायचं. तरी गाडी हलताना त्यांनी लहानपणापासूनचंच वाक्य पुन्हा सांगितलं, "काटा आपल्या डोल्यानं बघ, मंगच बरोबर म्हन." स्वातंत्र्याला चार वर्षं झाली होती आणि मी छत्तीस वर्षांचा होतो.

लढाईच्या काळात कल्याणजवळ नेवाळीच्या धावपट्टीवर मी विमानात माल तोलून भरायला शिकलो. त्या जोरावर बोटीने एकवीस दिवस लागणाऱ्या बेटांवर मला नोकरी मिळाली. तीन बेटं, तीन सरकारं, आणि स्वतःचा विमान-तपासनीस ठेवण्याची ऐपत एकाचीही नाही. म्हणून त्यांनी आपसात करार केला: तपासनीस सामाईक, नियम एक, आणि एका बेटावर तपासलेलं दुसऱ्याने मानायचं. मी मधल्या बेटावर, बाकी दोन्हीकडे एकेक कारकून. ज्यांच्या घरी तीन भावांत एक विहीर आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येकाला वाटतं, गाळ दुसऱ्याने काढला असेल.

एकदा पहिल्या बेटाहून विमान आलं. आत लग्नाला निघालेली अकरा मंडळी होती. कागदावर त्यांची वजनं होती: दीडशे, एकशे साठ, दीडशे, एकशे चाळीस. अकराही आकडे शून्यावर संपत होते. माझ्या ते लक्षात आलं. खरी वजनं अशी कधी येत नाहीत. पण खाली तिथल्या कारकुनाची सही होती आणि करारही होता. माझ्याकडून तिघं चढणार होते, त्यांत दाढ काढायला तिसऱ्या बेटावर निघालेली माझी बायको यमुना. तिघांना मी काट्यावर उभं केलं, बेरीज मांडली, सही केली.

धावपट्टीच्या कडेला बारा पांढरे दगड होते आणि बाराव्यानंतर समुद्र. विमान एरवी आठव्याशी जमीन सोडायचं. आठवा गेला. दहावा गेला. बाराव्यापाशी चाकं सुटली आणि पाण्याच्या इतकी जवळ गेली की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा विमान दिसेनासं झालं होतं.

पोचल्याची तार यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी एकच गुणाकार पुन्हा पुन्हा केला. माणशी तीस रत्तल चूक धरली तर अकराचे तीनशे तीस. म्हणजे कागदावर नसलेली दोन माणसं यमुनेसोबत बसली होती.

ती परत आल्यावर मी विचारलं, भीती वाटली का. ती म्हणाली, "तुमची सही होती ना. मग मी कशाला भिऊ?"

त्या वाक्याने मला आजही झोप लागत नाही.

तिन्ही सरकारांना मी आधी माझी चूक लिहून कळवली. मग पहिल्या बेटाच्या कारकुनाला भेटलो. तो म्हणाला, वडीलधाऱ्यांना चारचौघांत काट्यावर उभं करणं आमच्याकडे अपमान समजतात, म्हणून विचारून लिहितो. तेव्हापासून तिन्ही बेटांवर काट्याभोवती पडदा आहे, आणि विमानातल्या सगळ्यांना प्रत्येक बेट पुन्हा स्वतः तोलतं. शेजाऱ्याची सही असली तरीही.

गेल्या वर्षी रजेवर आलो. ट्रंक मी बंदरावर स्वतः तोलली होती, बहात्तर रत्तल. ठाण्याच्या फलाटावर बाबा थांबले होते, पार वाळलेले. नको म्हणेपर्यंत त्यांनी ट्रंक उचलली.

"साठ," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "बरोबर."

काटा चार पावलांवर होता. सगळ्या जगात चुकीच्या वजनाला मी बरोबर म्हणतो ती तेवढीच जागा. तेच माझं घर. आणि पुढच्या रजेला तिथे ट्रंक उचलायला कोणी असेल की नाही, या भीतीने मी आत्ताच दिवस मोजतो आहे.