साहेबाला पाणी द्यायचं नाही

पेठची एसटी सीबीएस स्टँडवरून सकाळी सातला सुटते असं फलकावर लिहिलं होतं. आठ वाजता सुटली तेव्हा ती वेळेवर सुटल्याचं समाधान सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होतं. माझ्या मांडीवर पाच तक्त्यांची गुंडाळी होती. आमच्या कॉलनीतल्या पर्यावरण मंडळाने मला, म्हणजे भूगोलाच्या मास्तराला, डोंगरातल्या एका पाड्यावर तापणाऱ्या पृथ्वीबद्दल जागृती करायला पाठवलं होतं. मंडळाचा एक स्लाइड प्रोजेक्टरही होता. पाड्यावर वीज नाही हे आदल्या दिवशी कळलं, म्हणून तक्ते.

सावळ घाट चढताना खिडकीतून दिसणारे डोंगर एप्रिलमध्ये सोललेल्या बटाट्यासारखे दिसतात. मोबाईल नुकताच घेतला होता. त्याची रेंज घाटाच्या अलीकडेच उतरली. करंजाळीला मी एसटी सोडून जीप धरली. जीपमध्ये अठरा माणसं आणि दोन कोंबड्या. कोंबड्यांना खिडकीची जागा मिळाली होती. पुढे जीपचा रस्ता संपला आणि तासभर पायवाट. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे काय घडलं हे दुसऱ्या साहेबांना कळू नये, एवढंच कारण.

पाड्यात शिरताना पहिलं घर जनीबाईचं. साठीची, काटक बाई. तिने काही विचारायच्या आत पाय धुवायला तांब्या दिला, मग प्यायला पाणी, मग पुन्हा पाणी. तिकडे लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात. "मास्तर, तू लांबून आला. आंघूळ कर," ती म्हणाली. घरामागे दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. मी दोन्ही संपवल्या. शर्टही धुतला. नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी असं जेवण झालं. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, म्हणून आणखी दोन तांबे रिचवले.

दुपारी निसर्ग पाहायला निघालो. उताराखाली झिरा (खडकातून झिरपणाऱ्या पाण्याचा खड्डा) आहे असं कळलं होतं, तेव्हा छायाचित्र काढावं म्हटलं. तिथे हंड्यांची रांग लागली होती. माणूस एकही नव्हतं. हंडा ठेवला की नंबर लागला. कुणी कुणाच्या हंड्याला हात लावत नाही. खड्ड्यात मात्र जनीबाई बसली होती. करवंटीने पाणी खरवडत होती आणि प्रत्येक करवंटीनंतर पाणी साचायची वाट पाहत होती.

"एक हंडा भरायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"उन्हं इथनं तिथवर सरकत्यात," तिने समोरच्या झाडाची सावली दाखवली.

"मग माझ्या आंघोळीचं पाणी?"

"ते कालपासून भरलं. दोन घरांचं व्हतं."

मला शरम वाटली. घरी वाटते तशी वरवरची नाही, चांगली पोटापर्यंत. "मला सांगायचं नाही का?"

"पावन्याला पानी नाय म्हनायचं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की शरम तिथेच राहिली आणि वर मूर्खपणाही जमा झाला.

तेवढ्यात पाड्याचा पोलीस पाटील काशिनाथ हंडा घेऊन आला. त्याने खरी गोष्ट सांगितली. खालच्या नदीवरून पाणी उचलून टंचाईच्या पाड्यांना नळ द्यायचं ठरलं होतं. टंचाई आहे का, हे पाहायला तालुक्याचे साहेब दर उन्हाळ्यात येतात. जनीबाईच्या ओट्यावर बसतात. पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, चहा. साहेब तृप्त होऊन, झिरा न पाहताच, कागदावर लिहितात: पाणी उपलब्ध. असं तीन वर्षं चाललं होतं.

"उद्या शेवटचा येनार हाय. ह्या वर्साला टंचाई नाय लिवली तर योजनेतून नाव गेलं," काशिनाथ म्हणाला. "मंग पाडा उठला. निम्मी घरं द्राक्षाच्या मळ्यांत गेलीच हायत, बाकीची जातील."

संध्याकाळी अंगणात सगळे जमले. पन्नासेक माणसं असतील. 'थेंब थेंब वाचवा' हा तक्ता मी पिशवीतच ठेवला. बाकीचे लावले आणि सांगितलं की गाड्यांचा, कारखान्यांचा धूर वर साठतो, पृथ्वी तापते, पावसाची घडी विस्कटते. पावसाचं त्यांना माहीत होतं. "पयले महिनाभर रिपरिप व्हायची, डोंगर पीत बसायचा," एक म्हातारा म्हणाला. "आता दोन दिसात कोसळतो आन जातो. डोंगराला प्यायला टाइमच नाय."

मग काशिनाथने विचारलं, "ह्यो धूर कोन करतं?"

"आपण सगळे," मी म्हणालो. मंडळाने हेच सांगायला सांगितलं होतं.

"आमी बी?" जनीबाईने विचारलं.

मी पाड्याकडे नजर फिरवली. एक सायकल होती, तीही पंक्चर.

"तुज्याकडं काय हाय, मास्तर?"

"स्कूटर."

"आन?"

"फ्रीज. गिझर. मुलाची मोटारसायकल." माझी जबानीच सुरू झाली होती. लोक गांभीर्याने ऐकत होते.

"मंग झिरा आमचा का आटला?" ती म्हणाली. तिने हे रागाने विचारलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. पाचही तक्त्यांत याचं उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यानंतर माझं व्याख्यान संपलं आणि खरी सभा सुरू झाली.

काशिनाथ म्हणाला, उद्या साहेबाला पाणी द्यायचं नाही. खोटं बोलायचं नाही, काही लपवायचं नाही. फक्त द्यायचं नाही. तहान लागली की तो आपणच झिऱ्यावर येईल. सगळे त्याच्याकडे असे पाहू लागले की मला वाटलं त्याने चोरीच सुचवली. एका घराने जरी तांब्या पुढे केला तर सगळ्यांचं गेलं, हेही सगळ्यांना कळत होतं. वाद बराच चालला. जनीबाई एकच वाक्य बोलत होती, "माज्या दारातनं कोनी तहानेला गेला नाय."

सकाळी सगळे वाघदेवाच्या दगडापाशी गेले. एकेका घराने दगडाला हात लावून पाणी न द्यायचा शब्द दिला. जनीबाई सगळ्यांत शेवटी. तिचा हात बराच वेळ दगडावर होता.

साहेब बाराच्या उन्हात आले. घामाने डबडबलेला, सज्जन वाटणारा माणूस. सवयीने जनीबाईच्या ओट्यावर बसले. हातरुमाल पिळला. "जरा पाणी आणा," म्हणाले.

कुणी हललं नाही. साहेब हसले, मग थांबले. जनीबाई जमिनीकडे पाहत होती आणि तिने पदराचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"पानी खाली हाय, साहेब," काशिनाथ म्हणाला. "चल."

साहेब उतार उतरले, मागे आम्ही. हंड्यांची रांग पाहून ते रांगेशेजारी उभे राहिले. खड्ड्यातल्या बाईने करवंटीने खरवडलं, वर गढूळ घोटभर आलं. तिने ते पुढच्या हंड्यात ओतलं, कारण नंबर त्या हंड्याचा होता. साहेब सावली सरकेपर्यंत तिथेच बसून होते. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. काशिनाथने वाचून पाहिलं आणि मान डोलावली.

वर आलो तर वाटेत जनीबाई उभी. हातात भरलेला तांब्या.

"लिवलंस?"

"लिहिलं, आजी."

"सही?"

"केली."

"मंग आता पी."

साहेबांनी अर्धा तांब्या पिऊन परत केला. ती चिडली. "उष्टं कोन पिनार? सगळं पी." साहेब सगळं प्याले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिने तसदी घेतली नाही. मी दुसरीकडे पाहू लागलो, कारण माझंही तेच चाललं होतं.

परतीच्या एसटीत तक्ते पुन्हा मांडीवर होते. ज्यांनी धूर केलाच नाही, त्यांना तहान सिद्ध करायला आपलं माणूसपण अर्धा दिवस आवळून धरावं लागलं. आम्हाला काहीच सिद्ध करावं लागत नाही, नळ उघडला की झालं. हे मी त्या दिवसापर्यंत भूगोलात शिकवलं नव्हतं. पाड्याचं नाव यादीत लागलं. पुढच्या उन्हाळ्यात नळ आला, पाणी दिवसाआड येतं असं काशिनाथने कार्डावर कळवलं.

मंडळाने माझ्याकडून अहवालाचा फॉर्म भरून घेतला. 'जागृती झालेल्या व्यक्तींची संख्या' अशी एक चौकट होती. त्यात मी 'एक' लिहिलं. चिटणीसांचा फोन आला, पुढे शून्य द्यायचं राहिलं का म्हणून. म्हटलं, नाही, एकच.