मेणातला बिब्बा

आमचे हवालदार स्वतः केलेली गोळी आधी स्वतः गिळत. नवा घाणा निघाला की पहिली गोळी त्यांच्या पोटात. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं आणि दिवसभर एक डोळा कामावर, एक डोळा काट्यावर. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "हवालदार, काही झालं तर?" ते शांतपणे म्हणाले, "झालं तर मला हुईल. म्हणून तर गिळलीया."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका फार्मसी कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. वय चोवीस, पदवी ताजी आणि आपल्याला सगळं कळतं हा समज त्याहून ताजा. हवालदार आमच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. सातारा जिल्ह्यातल्या, घरटी एक माणूस पलटणीत अशा गावचे. लष्कराच्या दवाखान्यात वीस वर्षं पट्ट्या बांधून आणि सुया उकळून ते निवृत्त झाले होते. त्यांची आई गावात कुणाच्याही सुजेवर पाला बांधायची, निरगुडीचा नाहीतर एरंडाचा. त्यामुळे हवालदारांच्या डोक्यात पलटणीचा डॉक्टर आणि आई शेजारी शेजारी बसलेले असत, आणि दोघांचं सहसा भांडण होत नसे.

घाईचा त्यांना मनस्वी तिटकारा. "घाई असंल तर इंजेक्शन घ्या," असं ते प्राध्यापकांनाही सुनवायचे. औषध पोटात एकदम न सुटता थोडं थोडं सुटलं तर काय फायदा होतो, हे मी वर्गात शिकवायचे. फळ्यावर आलेख काढायचे. हवालदार मागे उभे राहून बाटल्या विसळत ऐकायचे. एकदा तास संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमी फळ्यावर काढता त्ये मी मेणात करतो. बघायचं का?"

मी बघितलं. मोहरीएवढे औषधाचे दाणे त्यांनी केले होते. काहींवर मधमाश्यांच्या मेणाचा एक हात, काहींवर दोन, काहींवर चार. मग सगळे एकत्र करून एक गोळी आणि तिच्यावर पुन्हा मेण. "येक घास न्याहरीला, येक दुपारी, येक दिवेलागणीला. गोळी मातर येकच." कोमट पाण्यात पोटातल्यासारखा आंबटपणा यावा म्हणून लिंबू पिळून ते गोळी टाकायचे आणि काचेच्या काडीने तासन्‌तास ढवळत बसायचे. पाण्याला वेळेआधी रंग आला तर सगळा घाणा कॉलेजमागच्या खड्ड्यात. हळहळ नाही, चिडचिड नाही. मला मात्र ते बघून रडू यायचं, कारण मी आलेख काढण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

त्या दाण्यांत बिब्बा होता. परीट कपड्यांवर खूण करतात तो. त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, अंग सुजतं. बिब्बा उतला म्हणतात. हवालदार हाताला खोबरेल चोपडून तो दिवसचे दिवस विटेच्या भुकटीत घोळवत, जादा तेल शोषून निघावं म्हणून. सांध्यांच्या सुजेवर त्याच्यासारखं औषध नाही असं त्यांच्या आईचं मत, आणि त्याच्यासारखं धोक्याचंही नाही हेही तिचंच. "बिब्बा म्हंजे तापट पाव्हणा," ते म्हणायचे. "येकदम घरात घेतला तर भांडी फोडणार. उंबऱ्यावर बसवायचा, थोडं थोडं बोलू द्यायचं."

माझी आई साताऱ्याला होती. तिला आमवात. बोटं अशी सुजायची की पोलक्याचा हूक लागत नसे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज उतरली, पण पोटातून रक्त गेलं आणि त्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. माझे वडील निवृत्त शिक्षक. आयुष्यभर ज्यांनी मुलांना छड्या मारल्या ते आता रोज सकाळी आईची वेणी घालायला शिकत होते. वेणी वाकडी व्हायची. मला ते बघवत नसे.

मी हवालदारांच्या मागे लागले. दोन महिने ते नाहीच म्हणत होते. "शिकल्याल्या तुमी. मोठ्या डॉक्टरला दावा." शेवटी मी प्रयोगशाळेतच ओक्साबोक्शी रडले तेव्हा ते विरघळले. तरी आठ दिवस रोज एक गोळी त्यांनी स्वतः घेतली. मग पुडी माझ्या हातात देताना म्हणाले, "बिब्बा हाय ह्ये घरात सांगायचं. सांगितल्याबिगर द्यायची न्हाई. आन् अख्खी गिळायची. फोडली तर दिसाचा सगळा बिब्बा येका टायमाला सुटंल. कळलं का?" मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हलवली.

आणि घरी जाऊन सांगितलं, "बाबा, हळदीच्या गोळ्या आहेत. रोज एक, पाण्याबरोबर."

बिब्ब्याचं नाव काढलं असतं तर वडिलांनी पुडी परसात फेकली असती. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी बिब्बा उतला होता, त्याचे हाल त्यांनी पाहिले होते. म्हणून मी हळद म्हणाले. आणि एकदा हळद म्हटल्यावर फोडू नका, चावू नका, हे कोणत्या तोंडाने सांगणार? हळद काय, कशीही घ्या. परतीची एसटी चुकेल म्हणून मी निघाले, आणि खरं सांगायचं तर निघायला मिळालं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन आठवड्यांनी वडिलांचं पत्र आलं. आईने स्वतः हूक लावला होता. मी नाचत ते हवालदारांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "बिब्बा म्हटल्यावर बाबा काय म्हणालं?"

"काही नाही म्हणाले," मी म्हटलं.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. साताऱ्याचे शेजारी बोलत होते. आईची जीभ सुजली होती, घसा मिटत चालला होता, तिला इस्पितळात नेलं होतं आणि डॉक्टर विचारत होते की पोटात काय गेलंय. झालं होतं असं, की आईला सर्दीने गिळवत नव्हतं. आमच्या घरात औषध सहाणेवर उगाळूनच द्यायची रीत. सुंठ, वेखंड, बाळाची मात्रा, सगळं. वडिलांनी मायेने गोळीवरचं मेण नखाने सोललं, ती मधात बारीक उगाळली आणि आपल्या बोटाने आईला चाटवली. डॉक्टरांना ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, हळद दिली, दुसरं काही नाही.

मी धावत प्रयोगशाळेत गेले. हवालदारांनी एकच विचारलं, "घरी काय सांगितलं व्हतं?"

"हळद."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तडक ऑफिसात गेले आणि इस्पितळाला तातडीचा ट्रंक कॉल लावायला सांगितला. मी म्हटलं, "एसटी पकडू या, चला." तर म्हणाले, "एसटीला चार तास. तवर डॉक्टर हळदीवर औषध करत बसंल. आधी त्येला खरं कळू दे."

कॉल लागेना. कारकून आकडे सांगायचा, लाइन खरखरायची, मिटायची. हवालदार खुर्चीवर बसले नाहीत. मी मनात आईचे श्वास मोजत होते. शेवटी लागला, पण आवाज इतका लांबचा, की हवालदारांना ओरडून बोलावं लागलं. त्यांचा आवाज पलटणीतला. अख्ख्या इमारतीने ऐकला.

"हळद न्हाई सायेब! बिब्बा! बिब्बा हाय! म्या घातलाय, म्या! मेणातली गोळी उगाळून दिली, दिसाचा सगळा येकदम ग्येलाय पोटात! न्हाई, घरच्यास्नी ठावं न्हाई. म्या सांगाया पायजे व्हतं. ऱ्हायलं माज्याकडनं."

प्राचार्य आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. मी हवालदारांपासून दोन हातांवर होते. फोन हिसकावून 'माझ्याकडून राहिलं' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

एसटीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढच्या बाकावर बसले. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा मी पुढे जाऊन म्हटलं, "मी प्राचार्यांना सगळं सांगते." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आई वाचू दे आधी."

आई वाचली. पोटात खरं काय गेलंय ते कळल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती आणि घसा बाहेरून उघडायची हत्यारं उशाशी मांडून ठेवली होती. ती लागली नाहीत. आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. हवालदार तिला दारातून बघून परत फिरले.

कॉलेजात चौकशी झाली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत परवान्याशिवाय औषध करून बाहेर दिलं, हा गुन्हा लहान नव्हता. हवालदारांनी आपल्या हाताने जबाब लिहून दिला. मी तो कारकुनाकडून मिळवून वाचला. त्यात आधी माझं नाव शोधलं. नाव कुठेच नव्हतं. त्यांची नोकरी गेली. मी त्याच वर्षी कायम झाले.

गावी परतताना ते आमच्या घरी आले, वडिलांची माफी मागायला. वडिलांनी त्यांना उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. "माझ्या हातून माझ्या बायकोला विष घालायला लावलंत!" ते गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत होते. हवालदार मान खाली घालून ऐकत होते. मध्येच एकदा म्हणाले, "खरं हाय मास्तर. चूक झाली." आई आत खाटेवर होती. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. तो कप मी बाहेर नेला नाही. ते गेल्यावर मोरीत ओतला.

पुढे ऐकलं की गावात ते लोकांना पाला बांधून देतात, पोटात घ्यायला मात्र काही देत नाहीत. काही वर्षांनी वारल्याचं कळलं. मी तीस वर्षं शिकवलं. औषध देताना रोग्याशी खोटं बोलू नका, हे दरवर्षी पहिल्या तासाला इतकं तावातावाने सांगायचे की मुलं चकित व्हायची. कारण कधी सांगितलं नाही. वडील शेवटपर्यंत 'तो बिब्बेवाला' म्हणून दात-ओठ खात राहिले आणि मी त्यांना समोर बसून जेवण वाढत राहिले.

वडील गेल्यावर एकदा आईचे पाय चेपताना मी तिला सगळं सांगून टाकलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग आपल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माहीत आहे मला. खेड्यातली मी. बिब्बा जिभेला लागल्याबरोबर कळला. औषधं शिकवणाऱ्या माझ्या लेकीला तो कळला नसेल होय?"

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. तो माणूस दारात शिव्या खात होता ना, तेव्हा मी खाटेवरून तुझ्याकडंच बघत होते."