आबांचा डावा डोळा

पालकसभेत वडील टेबलावर हात टेकवून मुलाविषयी बोलत सुटले की मी त्यांना बोलू देते, आणि मग मागे उभ्या असलेल्या आईला विचारते, "तुम्ही सांगा." ही सवय मला बी.एड.ने लावलेली नाही. जळगावच्या मेहरूण भागातल्या एका पेंटरचाचांकडे तीन दुपारी बसले, तेव्हापासूनची ती.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, गेले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. होता तो आधार कार्डावरचा, आणि त्यात माणूस कसा दिसतो हे काय सांगायला हवं! धुळ्याकडच्या गावाहून वडील, काका आणि आई माझ्याकडे जळगावला आले. भिंतीवर आबांचं चित्र हवं होतं, आणि ते आबाच वाटायला हवे होते. घरातली पुढची पोरं त्यांना त्या चित्रावरूनच ओळखणार होती.

चाचा एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण तसबिरीतही त्यांचा हात बसलेला होता. वडील आणि काका नुसते हुकूम सोडत होते. मिशी दाट करा, फेटा उंच करा. चाचा निमूट करत गेले. तिसऱ्या दुपारी सगळं जागच्या जागी होतं, आणि चित्रातले गृहस्थ कुठल्याशा गावचे सरपंच वाटत होते. मला रडूच यायला लागलं. वडील म्हणाले, "चालेल." असा राग आला मला त्यांचा!

"नाही चालणार," म्हणत चाचांनीच ब्रश खाली ठेवला. "यांना रोज जेवायला कोण वाढायचं?"

आम्ही सगळे आईकडे वळलो. ती दाराशी पिशवी धरून बसली होती. तीस वर्षं तिनेच वाढलं, पण आबांपुढे तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अक्का, तुम्ही सांगा," चाचा म्हणाले.

आई खाली बघत म्हणाली, "आबा इतला कडक नव्हतात. भाकर मोडताना त्यासना डावा डोया बारीक व्हये. मंग माले समजे, भाजी बरी जमनी."

"असं काही नव्हतं," वडील म्हणाले.

चाचांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या पापणीखाली सावलीची रेघ ओढली, बोटाने पुसली, पुन्हा ओढली.

"अजून?"

"आखो थोडं."

आणखी एकदा ब्रश टेकवून चाचा बाजूला सरकले. आई चटकन उठून उभी राहिली, आणि सासऱ्यांपुढे घ्यायची तसा तिने डोक्यावर पदर ओढला.