दिपूची फळी आणि पहिल्या सोळाजणी

गॅरेजात किस्से फार साठतात. गाडी उघडली की गिऱ्हाईक तासभर अडकतं, आणि अडकलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. हरमलच्या आमच्या गॅरेजात आजवर किती ऐकलं, किती विसरलो! पण हल्ली कोणीही आला तरी दिपूचंच विचारतो. दिपू म्हणजे विष्णूभाऊची मुलगी. विष्णूभाऊ पाळी गावचा, खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा माझ्याकडे कामाला आला. मुलगी इथे किनाऱ्यावर टुरिस्टांना सर्फिंग शिकवायची. आज ती बर्फावरच्या शर्यतीत देशातर्फे उतरते. गोव्याची मुलगी, बर्फावर!

*

एक परदेशी पाहुणा जाताना आपला स्नोबोर्ड माझ्याकडे ठेवून गेला, तो परत आलाच नाही. आम्ही ती फळी रंगाच्या दोन डब्यांवर टाकून बाक केला. आमचा कोल्हापूरचा वेल्डर मारुती रोज तिच्यावर बसून जेवायचा.

एक दिवस दिपू स्कूटरचं पंक्चर काढायला आली आणि फळीवरच्या पाय अडकवायच्या पट्ट्या बघून म्हणाली, "मारुतीमामा, ऊठ! ही बसायची नाही, उभं राहायची आहे."

"मग काय उभ्यानं जेवू व्हय?" मारुती म्हणाला. पण उठला बिचारा.

*

बर्फ कुठून आणणार? रविवारी ती फळी घेऊन पाळीला गेली आणि खाणीच्या मातीच्या ढिगावरून घसरायला लागली. गावातून फोन आला तसे मी आणि विष्णूभाऊ मोटारसायकलने धावलो. पोर डोक्यापासून पायापर्यंत लाल, दोन्ही कोपरं सोललेली. मला वाटलं, आता हिच्या कानाखाली बसते!

भाऊ बराच वेळ त्या उताराकडे बघत राहिला. तिथून त्याने वर्षानुवर्षं भरलेला टिपर उतरवला होता.

"ब्रेक मारीत कित्याक देंवता गो?" तो म्हणाला. "गियरार देंव. आनी पांयांकडे पळोव नाका, फुडल्या वळणाकडे पळय."

पुढे तिच्या कोचने हेच इंग्रजीत सांगितलं: ब्रेक मारत उतरू नकोस, नजर पायांवर नको, पुढच्या वळणावर ठेव.

*

काश्मीरच्या पहिल्या कोर्सला फॉर्म भरायचा होता. 'आधी सराव कुठे केला?' दिपूने लिहिलं, पाळी. तिथल्या सरांनी वाचलं आणि आदराने विचारलं, "हा रिसॉर्ट इटलीत आहे का?"

आम्ही गॅरेजात पोट धरधरून हसलो. तिची आई हसली नाही. वहिनी डिचोलीच्या बाजारात नारळ विकते. ती म्हणाली, "बर्फ म्हणजे नुस्त्यार घालतात तोच न्हय? मेलेलें दवरतात तातूंत. जितें माणूस कित्याक वता थंय?"

मासळी ठेवायच्या बर्फात जिवंत माणूस जातंच कशाला, हेच तिला कळेना.

*

हा किस्सा मी आपणहून कोणाला सांगत नाही. स्नोबोर्डला खालून मेण लावतात, इस्त्रीने वितळवून. ते काम माझ्याकडे होतं. घरची जुनी इस्त्री त्यासाठीच काढून ठेवली होती. मेणाच्या वड्या वेगवेगळ्या रंगांच्या, प्रत्येकीवर थर्मामीटरचं चित्र, म्हणजे जशी थंडी तशी वडी. तिच्या पहिल्या मोठ्या शर्यतीसाठी मी फार विचार करून पिवळी निवडली. का? तर हवा बघून! आमच्या हरमलची हवा बघून!

तिथे हाडं गोठवणारी थंडी. फळी बर्फाला चिकटल्यासारखी चालली आणि पोर शेवटची आली. संध्याकाळी तिचाच फोन आला, "सुदेशकाका, शर्यत हरमलात असती तर पहिली आले असते हं!"

ती मला रागाने एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

*

पुढची वर्षं भराभर गेली. आधी देशात पहिली, मग परदेशात सराव, मग संघात जागा. आणि मग गुडघा. सरावात पडली, आतली दोरी, लिगामेंट, तुटली, ऑपरेशन झालं. कुबड्या घेऊन गॅरेजात येऊन बसायची. एकदा भाऊ समोर एका स्कूटरचा मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलत होता.

"बाबा, आता मीपण तुझ्या गाड्यांतलीच," ती म्हणाली.

भाऊ पाना ठेवून मागच्या दारी गेला. मी थोड्या वेळाने गेलो, तर नळ सोडून नुसता उभा होता, हात कोरडेच. मी नळ बंद केला. आम्हा दोघांना तेव्हा पोरीचं खेळणं संपल्यासारखंच वाटत होतं.

*

पण ती पुन्हा उभी राहिली! आता आईची परवानगी हवी होती. वहिनीने एकच शर्यत दिली. तिथे दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करतात आणि पहिल्या सोळाजणी पुढे जातात. "सोळांत आयलीस तर खेळ. ना जाल्यार फळी कायमची वयर दवर." सोळांत नाही आली तर फळी कायमची माळ्यावर, असा दिपूने आईच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. ती शब्द मोडणाऱ्यातली नाही, हीच आमची भीती.

शर्यतीच्या दुपारी मी आणि भाऊ डिचोलीच्या बाजारात वहिनीपाशी बसलो. मोबाइल माझ्या हातात. वहिनी बघायला तयार नव्हती, नारळ वाजवून गिऱ्हाइकाला देत होती, मोजून झाले की वर एक फुकटचा. पहिली फेरी बरी गेली. दुसरीत एका वळणावर दिपूचा हात बर्फाला टेकला आणि भाऊने डोळे मिटले. खाली पोहोचली. नावं आली. मी दोनदा मोजली.

सतरावी. निमिषभराने!

थोड्या वेळाने तिचा फोन आला. मी तो वहिनीच्या हातात दिला.

"आई, सतरावी आले. फळी ठेवते मी."

"पडलीस?"

"नाही."

"पांय?"

"बरा आहे."

वहिनीच्या समोर गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं होतं. भाऊ तिच्याकडे बघेना, मी भाऊकडे बघेना.

"अगो बाये," वहिनी म्हणाली, "सोळा म्हटल्यार वयर एक येताच! बाजारांत कोण मोजून सोळा दिता?"