आठ मीटरचं नऊवारी

गुलमंडीवरच्या एका कापडवाल्यानं माझ्या आईला फसवलं, आणि तेही माझ्या हातून.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा माझ्या पायात चप्पल नव्हती. पुढं सिल्लोडच्या बाजारात कापसाचे सौदे करत करत मी उभा राहिलो. भावात मला गुंडाळणारा माणूस तिथं कुणी नव्हता. म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आईचं लुगडं घ्यायला मीच गेलो. दुकानातला वाराचा गज जाऊन मीटरची नवी लोखंडी पट्टी आली होती. मी भावावर घासाघीस करत बसलो. दुकानदार शेवटी हसला.

"घ्या शेठ, तुम्ही म्हणाल तो भाव. नऊवारीच आहे, आठ मीटर भरतं. बघा."

त्यानं समोर मोजून दाखवलं. मी भाव पाडल्याच्या खुशीत चिकलठाण्याला घरी आलो.

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. आठ मीटर म्हणजे सव्वासव्वीस. वीतभर कापड गेलं होतं. पण मी भाव बघत होतो, माप बघतच नव्हतो.

लग्नात आई जावयाचे पाय धुवायला वाकली आणि डोक्यावरचा पदर घसरला. तिनं सावरला, तो पुन्हा घसरला. हातात तांब्या, शेवटी तिनं पदराचं टोक दातात धरलं. विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अवो विहीणबाई, पदर तुमच्याच डोक्यावर ठरंना, लेकीला काय शिकवलं वं?" वऱ्हाड हसलं. मी पुढं सरकलो, तशी आईनं डोळ्यांनीच मला दाबलं.

ते लुगडं तिनं परत नेसलं नाही. विचारलं तर म्हणायची, "अंग सुटलंय लेका, मला जुनंच बरं." मी ते खरं धरलं.

ती गेल्यावर पेटीतले कपडे काढताना बहिणीनं ते लुगडं माझ्यापुढं ठेवलं.

"दादा, तू आणलं तवाच आईनं हातानं मोजलं व्हतं. नव्या लुगड्याला नऊ वाराचे अठरा हात भरल्याशिवाय ती घडी मोडायची नाय. याचा शेवटचा हात अर्धाच भरला."

"मग बोलली का नाही?"

"मला म्हणली, त्याला नको सांगू. आत्ता उठून दुकान डोक्यावर घेईल, लग्न राहील बाजूला. अन् लोक म्हणतील, एवढा सौदेबाज, आईच्या लुगड्यात फसला."

मी तसाच उठून गुलमंडी गाठली. गादीवर आता दुकानदाराचा मुलगा होता.

"काका, मीटर सरकारी माप आहे," तो शांतपणे म्हणाला. "आठ सांगितले, आठ दिले. फसवलं कुठं?"

"अन् नऊवारी कोण म्हणालं? माझा बाप?"

"ते नुसतं नाव असतं हो काका."

मी पुष्कळ ओरडलो. गिऱ्हाईकं बघत राहिली, त्यानं चहा मागवला. मी प्यालो नाही.

आईला आता दुसरं लुगडं नेसवता येत नाही. दुकान मात्र चालू आहे. त्या गादीवर जो कुणी बसला असेल त्यानं मला तोंडावर सांगावं: माप बदललंत, मग नाव का नाही बदललंत? माझी आई भर मांडवात पदर दातात धरून खाली मान घालून बसली, त्याचा जबाब तुमच्यापैकी कोण देणार?